साळिंदराच्या काट्यांचे गोत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोखंडाचा दगड दल्ली-राजहऱ्याहून येतो आणि चुनखडक नंदिनीच्या खाणीतून, हे तेथील वसाहतीत वाढलेल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडक टाकला म्हणजे खनिजातील वाळू-मातीचा अंश त्याच्याशी संयोग पावून मळीच्या रूपाने वर तरंगतो आणि खाली लोखंडाचा रस उरतो. हा चुनखडक मुळात आला कोठून, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. छत्तीसगढचे सपाट भाताचे मैदान ज्या खडकांवर पसरले आहे, ते एका प्राचीन उथळ समुद्राचे तळ आहेत. रायपूर गटातील चुनखडकांत जागोजागी एकावर एक वाट्या उपड्या घातल्यासारखे थर दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट होत. सूक्ष्मजीवांच्या चिकट साईवर गाळ साचत गेला, त्यावर पुन्हा साय चढली, आणि अशा हजारो पापुद्र्यांचे ते खडक झाले. म्हणजे भिलाईच्या भट्टीत दररोज जे जळते त्यातला काही भाग तरी सजीवांच्या हातचा आहे.

आता समजा, भूशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने या मैदानातील गुंडरदेहीच्या शेलचा एक तुकडा घेतला, तो आम्लात विरघळविला, उरलेला काळसर गाळ काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला एक गोल, पोकळ, काटेरी वस्तू दिसली. आकार मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा. पाठ्यपुस्तकात अशी चित्रे असतात, आणि त्यांखाली ‘डायनोफ्लॅजेलेट पुटी’ असे लिहिलेले असते. काचपट्टीच्या चिठ्ठीवर त्याने काय लिहावे? ‘डायनोफ्लॅजेलेट’ असे लिहिले तर त्या एका शब्दाने दोनांपैकी एक गोष्ट ओघाने मान्य करावी लागते: एक तर हा खडक आपण समजतो त्याहून कित्येक कोटी वर्षांनी तरुण आहे, नाही तर पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या इतिहासाचे एक पान चुकीचे छापले गेले आहे. तिसरीही एक शक्यता असते, आणि ती सर्वांत लाजिरवाणी: नमुन्यात बाहेरचा कण मिसळला. एका काटेरी कणाचे नाव ठरविण्यावर इतके अवलंबून असते. ते नाव ठरविण्याची रीत सव्वाशे वर्षांच्या चुकांमधून कशी तयार झाली, ती हकिकत येथे सांगावयाची आहे.

आधी त्या जीवाविषयी थोडे. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाट फुटताना निळसर उजेड चमकतो, तो ज्या सूक्ष्म जीवांमुळे, ते या कुळातले. डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव. त्यांना चाबकासारखी दोन शेपटे असतात. एक पेशीच्या कमरेभोवतालच्या खोबणीत फिरते, दुसरे मागे लोंबते, आणि दोहोंच्या योगे जीव गिरक्या घेत पोहतो. ‘डायनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच गिरकी. पुष्कळ जातींच्या अंगावर सेल्युलोजच्या तबकड्यांचे चिलखत असते. या तबकड्यांची संख्या व मांडणी जातीजातीत ठरलेली असल्याने ओळख पटविण्यास ती फार उपयोगी पडते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स ॲटवुड कोफॉइड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या तबकड्यांना ओळींप्रमाणे क्रमांक देण्याची पद्धत बसविली. टोकाकडची ओळ, कमरेच्या वरची ओळ, कमरेची, कमरेखालची, अशी. आजही तीच चालते.

परंतु हे चिलखत मेल्यावर लवकर कुजते. खडकात राहते ती दुसरीच वस्तू. नर-मादी पेशींच्या संयोगानंतर काही जातींमध्ये पेशी चिलखताच्या आत एक जाड, चिवट वेष्टन तयार करते, चिलखत टाकून देते आणि समुद्राच्या तळाशी झोपी जाते. ही पुटी, म्हणजेच सिस्ट. अनुकूल दिवस आले की वेष्टनाला एक दार पडते, जीव बाहेर येतो, आणि रिकामे कवच गाळात उरते. या कवचाचा पदार्थ इतका हट्टी, की काच विरघळविणारे हायड्रोफ्लुओरिक आम्लही त्याला काही करू शकत नाही. मात्र आजच्या डायनोफ्लॅजेलेट जातींपैकी अशी टिकाऊ पुटी करणाऱ्या जाती दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच आहेत. खडकातील नोंद ही त्यामुळे नेहमीच अपुरी असते, हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

या पुट्या प्रथम पाहणारा मनुष्य बर्लिनचा क्रिश्चियन गॉटफ्रीड एहरेनबर्ग. १८३६ साली त्याने चकमकीच्या दगडाचे पातळ कपचे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खडूच्या थरांत सापडणारा हा दगड काचेसारखा पारदर्शक होतो आणि आत अडकलेले कण मधात अडकलेल्या माशीसारखे स्वच्छ दिसतात. एहरेनबर्गला त्यांत दोन प्रकारचे कण दिसले. काहींच्या कमरेला खोबण होती व अंगावर तबकड्यांच्या खुणा होत्या. हे जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट आहेत हे त्याने तत्काळ ओळखले, आणि ते बरोबर होते. दुसरे कण गोल व काटेरी होते. त्यांना त्याने ‘झँथिडियम’ म्हटले. हे गोड्या पाण्यातल्या एका हिरव्या शैवालाचे नाव. आजच्या तळ्यातील झँथिडियम काटेरी असते, चकमकीतील कणही काटेरी; तेव्हा दोन्ही एकच, असा हा तर्क.

एहरेनबर्गसारखा निष्णात निरीक्षक येथे कसा घसरला, याचे नवल वाटते, पण ही चूक अगदी मानवी आहे. ठळक दिसणाऱ्या एका लक्षणावर त्याने कुळ ठरविले. साळिंदर, फणस आणि धोतऱ्याचे बोंड ही तिन्ही काटेरी आहेत. त्यांना एका पंगतीत बसविण्यासारखे हे झाले. खरे तर विरुद्ध पुरावा समोरच होता. झँथिडियम शैवालाची पेशी दोन सारख्या अर्धुकांची असते आणि त्यांच्यामध्ये एक चीर असते. चकमकीतील कणांना अशी चीर नव्हती. शिवाय खडू हा समुद्राचा गाळ, आणि शैवाल गोड्या पाण्यातले.

पहिला धक्का एका औषधविक्रेत्याने दिला. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील हेन्री डीन यांनी १८४५ च्या सुमारास खडू आम्लात विरघळवून हे कण मोकळे केले. कण काचेखाली दाबले असता खळकन फुटत नाहीत, तर चेपतात व फाटतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ते गारेचे नव्हते; मूळ सेंद्रिय द्रव्यच टिकून होते. त्याच काळात गिडिऑन मँटेल हे वैद्य व जीवाश्मसंग्राहक या प्रश्नात शिरले. इग्वानोडॉन या डायनोसॉरला १८२५ साली नाव देणारे ते हेच. झँथिडियम हे नाव या कणांना शोभत नाही, असे म्हणून १८५० साली त्यांनी ‘स्पिनिफेराइट्स’, म्हणजे ‘काटे धारण करणारा’, असे नवे प्रजातिनाम सुचविले. नाव निरुपद्रवी होते. ते कुळाविषयी काही बोलत नव्हते, केवळ दिसते ते सांगत होते. कदाचित म्हणूनच ते विस्मरणात गेले. लोकांना खात्रीची उत्तरे आवडतात.

त्यानंतरची ऐंशी वर्षे फारशी सांगण्याजोगी नाहीत. कोणी या कणांना सागरी प्राण्यांची अंडी म्हटले, कोणी आणखी काही. १९३३ साली जर्मनीतील ऑटो वेट्झेल यांनी त्यांना ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ असे भारदस्त नाव दिले. ग्रीक ‘हिस्ट्रिक्स’ म्हणजे साळिंदर. साळिंदरी गोळे, असा अर्थ झाला. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र कुलही उभारले गेले. पॅरिसचे जॉर्ज दफ्लांद्र आणि जर्मनीचे आल्फ्रेड आयझेनाक यांनी जाती वर्णन करण्याचा सपाटा लावला. आयझेनाक तर बाल्टिक प्रदेशातील अतिप्राचीन, चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांच्या खडकांतूनही असे गोळे काढीत होते. सर्व काटेरी गोळे, मग ते कोणत्याही युगाचे असोत, त्या एका कोठारात पडू लागले. कोठार भरले, ते कोणाचे धान्य आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हा पेच सोडविणारा मनुष्य मुळात या विषयाचा नव्हता. विल्यम आर. एव्हिट हे ट्रायलोबाइटांचे तज्ज्ञ. सिलिकाभूत ट्रायलोबाइट आम्लाने खडकातून अलगद सोडवून त्यांच्या वाढीच्या अवस्था जुळविणे हे त्यांचे काम. तेलकंपनीच्या संशोधनशाळेत नोकरी लागल्यावर त्यांच्यापुढे हे सूक्ष्म कण आले, कारण विहिरी खणताना वर येणाऱ्या चुऱ्यात मोठे जीवाश्म शिल्लक राहत नाहीत, हे कण मात्र हजारोंनी राहतात. माझ्या मते एव्हिट यांना जे सुचले ते ट्रायलोबाइटांच्या सवयीमुळेच सुचले. ट्रायलोबाइट कात टाकतो. त्याचे बहुतेक जीवाश्म म्हणजे मेलेला प्राणी नसून टाकलेली कात होय, आणि ती कात ठरलेल्या शिवणीवर उकलते. ज्याची नजर अशा रिकाम्या कवचांवर तयार झाली आहे, तो भोक दिसले की प्रथम हे विचारतो: हे फाटले, की उघडले?

पूर्वीच्या संशोधकांनाही या गोळ्यांवर भोके दिसली होती. त्यांनी ती मोडतोड मानली. एव्हिट यांनी शेकडो नमुने पाहून दाखवून दिले, की एका जातीत भोक नेहमी एकाच जागी, एकाच आकाराचे असते. ते अपघाताने पडलेले नव्हे. ते दार आहे, आणि ते एखाद्या ठरावीक तबकडीच्या किंवा तबकड्यांच्या जागी आहे. १९६१ साली त्यांनी या दाराला ‘आर्किओपाइल’ असे नाव दिले. दार असेल तर आतून कोणीतरी बाहेर पडले असले पाहिजे. म्हणजे खडकात सापडते ते पोहणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटचे चिलखत नसून तिच्या झोपेचे खोलगट होते.

मग त्यांनी काट्यांकडे पाहिले, आणि येथे खरी गंमत आहे. गोळ्यावरील काटे कसेही उगवलेले नसतात. चिलखताच्या तबकड्या म्हणजे एकमेकांना लागून असलेली शेते अशी कल्पना करा. स्पिनिफेराइट्स प्रजातीत काटे शेतांच्या कोपऱ्यांवर, जेथे तीन बांध मिळतात तेथे, खुंट रोवल्यासारखे उभे असतात. म्हणूनच त्यांच्या टोकांना पुष्कळदा तीन फाटे असतात, प्रत्येक बांधाकडे एक. उलट हिस्ट्रिकोस्फेरिडियम या प्रजातीत प्रत्येक शेताच्या मधोमध बुजगावण्यासारखा एकच काटा उभा असतो. दोन्ही ठिकाणी चिलखत नाहीसे झाले आहे, बांध पुसले गेले आहेत, पण खुंट आणि बुजगावणी जागच्या जागी आहेत. त्यांवरून मोजणी करून जुन्या शेतांचा नकाशा पुन्हा काढता येतो. तो नकाशा कोफॉइडच्या क्रमांकांशी जुळला, की कुळ सिद्ध झाले.

जाती ओळखण्याची आजची रीत या एका कल्पनेतून निघाली. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेप्रमाणे येथे प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट आणि जाती म्हणजे त्यातील एक घटक, असे धरले आहे. अभ्यासक प्रथम दार शोधतो. कमरेच्या लगेच वर, पाठीच्या मध्यावरील तिसरी तबकडी गळाली असेल तर पुटी स्पिनिफेराइट्ससारख्यांच्या गटातली. टोकाकडचा सारा गटच टोपीसारखा उडाला असेल तर वेगळी. पाठीकडची मधली तबकडी उघडली असेल तर पेरिडिनियमच्या घराण्यातली असण्याचा संभव मोठा. मग भिंत किती पदरी आहे, पदरांमध्ये पोकळी आहे की नाही, काटे बांधावर की शेतात, त्यांची टोके बंद की उघडी, पृष्ठभाग गुळगुळीत की दाणेदार, हे पाहावयाचे. दार आणि काट्यांची जागा यांवर प्रजाती ठरते. काट्यांची लांबी, फाट्यांची ठेवण, भिंतीचे नक्षीकाम यांवर बहुधा जाती. शेवटी नवी जाती असेल तर एक नमुना कायमचा जपून ठेवून तिचा आदर्श म्हणून नोंदवावा लागतो. मोजमाप सर्वांत शेवटी येते, याचे नवशिक्यांना आश्चर्य वाटते. परंतु एकाच जातीच्या पुट्या पाण्याच्या खारटपणानुसार लहानमोठ्या होतात, काटेही आखूड-लांब होतात. केवळ लांबीरुंदीच्या भरवशावर जाती पाडणाऱ्यांनी ग्रंथालये भरली आहेत आणि ती पुढे इतरांनी रिकामी केली आहेत.

एव्हिट यांचा तर्क कितीही सुंदर असला तरी तो तर्कच होता. त्याला साक्ष मिळाली ती अमेरिकेतील वुड्स होल येथे. डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्रतळाच्या ताज्या गाळातून जिवंत पुट्या वेचल्या, प्रयोगशाळेत त्यांना प्रकाश व ऊब दिली आणि वाट पाहिली. पुट्यांचे दार उघडले आणि आतून पोहणारे डायनोफ्लॅजेलेट बाहेर पडले. साठच्या दशकातील त्यांच्या लेखांनी वाद संपविला. स्पिनिफेराइट्सच्या पुटीतून गोनिऑलॅक्स नावाचा, आधीपासून परिचित असलेला जीव निघाला. त्यातून एक विचित्र स्थिती मात्र उत्पन्न झाली. एकाच जीवाची दोन नावे झाली, झोपेतले एक आणि जागेपणीचे दुसरे. वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ती दोन्ही चालू ठेवण्यास मुभा दिली आहे, कारण खडकातील बहुतेक पुट्यांचे जागेपणीचे रूप आपल्याला कधीच दिसणार नाही.

आणि मँटेल? नामकरणाचा नियम असा, की आधीचे वैध नाव टिकते. १९६६ साली लोब्लिक पितापुत्रांनी जुनी सूची चाळताना १८५० चे ‘स्पिनिफेराइट्स’ हे १९३३ च्या ‘हिस्ट्रिकोस्फेरा’च्या आधीचे आहे, हे दाखविले. १९७० मध्ये विल्यम सार्जंट यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहून ते पक्के केले. एहरेनबर्गने १८३८ मध्ये ‘झँथिडियम रॅमोसम’ म्हणून नोंदविलेली जाती आज ‘स्पिनिफेराइट्स रॅमोसस’ या नावाने ओळखली जाते. साळिंदराचे भारदस्त ग्रीक नाव गेले आणि इग्वानोडॉनवाल्या वैद्यबुवांचे साधे लॅटिन नाव सव्वाशे वर्षांच्या आत परत आले.

आता पुन्हा त्या कोठाराकडे वळू. एव्हिट यांच्या कसोटीला जे गोळे उतरले ते डायनोफ्लॅजेलेट ठरले. पण न उतरणारे उरले होतेच, आणि थोडेथोडके नव्हते. विशेषतः अतिप्राचीन खडकांतील गोळ्यांना ना नियमित दार होते, ना काट्यांची मांडणी कोणत्याही नकाशाशी जुळत होती. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात एव्हिट यांनी त्यांच्यासाठी नवा शब्द सुचविला: ‘ॲक्रिटार्क’. ग्रीक ‘ॲक्रिटोस’ म्हणजे अनिश्चित, ‘आर्के’ म्हणजे उगम. ‘ज्यांच्या मुळाचा पत्ता नाही ते’, असे स्वच्छ सांगणारा हा शब्द. हे कुल नव्हे, गण नव्हे. पत्ता नसलेली टपालातली पाकिटे जेथे ठेवतात तो कप्पा. त्याच वर्षी डाउनी, एव्हिट व सार्जंट यांनी या कप्प्यात केवळ आकारावरून खण पाडले, काटेरी निराळे, गुळगुळीत निराळे, आणि हे खण नात्याचे नाहीत असे बजावले. पुरावा मिळताच पाकीट कप्प्यातून बाहेर काढावे, अशी ही सोय होती. जीवशास्त्राच्या परिभाषेत इतका प्रामाणिक शब्द दुसरा मला आढळलेला नाही.

योगायोगाची गोष्ट अशी, की भिलाईची उभारणी याच वर्षांत होत होती. सोव्हिएत संघाशी करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच दशकात लेनिनग्राडमध्ये बोरिस तिमोफेयेव्ह हे कँब्रियनपूर्व खडक आम्लात विरघळवून त्यांतून सूक्ष्म गोळे काढीत होते. पृथ्वीच्या ज्या काळाला ‘निर्जीव’ म्हणत, त्या काळाच्या खडकांतून सेंद्रिय कवचे निघू लागली होती. नंदिनीचा चुनखडक आणि त्याच्या सोबतचे शेल हे अशाच काळाचे.

पण नेमके कोणत्या काळाचे? इथपर्यंत आलो म्हणजे दुसऱ्या परिच्छेदातील विद्यार्थ्याची अडचण अधिक गंभीर होते. १९७७ साली खोऱ्यातील चंद्रपूर मालिकेच्या ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाचे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय काढण्यात आले. ते सत्तर ते पंचाहत्तर कोटी वर्षे भरले. (हे चंद्रपूर छत्तीसगढमधले, विदर्भातले नव्हे.) त्यावरील रायपूर गट साहजिकच आणखी तरुण, कँब्रियन काळाच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेला, असे पुष्कळांनी धरले. नंतर २००७ साली सरबनी पत्रनवीस-देब, मॅरियन बिकफर्ड, अभिजित बसू आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याच्या पूर्व भागात, वरच्या थरांत सापडलेल्या ज्वालामुखी राखेतील झिरकॉनचे स्फटिक युरेनियम-शिसे पद्धतीने तपासले. उत्तर आले सुमारे शंभर कोटी वर्षे. राख वरच्या थरांतली, म्हणजे तिच्याखालचे सारे त्याहून जुने. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी म्हटले, की भारतीय प्रोटेरोझोइक स्तरक्रमात सुमारे पन्नास कोटी वर्षांची दुरुस्ती करावी लागेल. त्यावर वाद झाले, राखेचा थर नेमका कोठे बसतो यावर लेखप्रपंच झाला. पण खालच्या सिंघोरा गटातील राखेचीही वये नंतर सुमारे एकशे चाळीस ते दीडशे कोटी वर्षांची निघाली, आणि जुनेपणाचा पक्ष बळकट झाला.

निर्विवाद डायनोफ्लॅजेलेट पुट्या मात्र ट्रायासिक काळापासून मिळतात, म्हणजे फार तर चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीपासून. भिलाईच्या खडकांत आणि त्यांच्यात पाऊण अब्ज वर्षांचे अंतर आहे. हे अंतर ओलांडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ट्युनिशियातील सिल्युरियन काळाच्या खडकांतून १९६४ मध्ये वर्णिलेली ‘आर्पिलोरस अँटिक्वस’ ही वस्तू अनेक दशके सर्वांत जुनी डायनोफ्लॅजेलेट म्हणून पाठ्यपुस्तकांत मिरवत होती; तिला तबकड्यांसारखे काही होते आणि दारासारखेही. २०१२ साली ल हेरिसे आणि सहकाऱ्यांनी ती नव्याने तपासली, तेव्हा ती संधिपाद प्राण्याच्या अवशेषांची निघाली. दुसरीकडे रसायनशास्त्राची साक्ष निराळी आहे. मोल्डोवन व तालिझिना यांना १९९८ मध्ये एस्टोनियातील आरंभीच्या कँब्रियन काळाच्या ॲक्रिटार्कांत डायनोस्टेरेन हे संयुग आढळले. ते आज प्रामुख्याने डायनोफ्लॅजेलेटांशी निगडित आहे. म्हणजे या जीवांचे पूर्वज फार आधीपासून असतील, पण ओळखू येईल अशी पुटी ते करीत नसतील. टक्केवारीचा जो इशारा वर दिला होता तो येथे उपयोगी पडतो: नोंद नसणे म्हणजे जीव नसणे नव्हे.

आपल्या देशात कणांच्या साक्षीने वय ठरविताना केवढा घोळ होऊ शकतो, याचे उदाहरण प्रत्यक्ष बिरबल साहनींच्या नावावर आहे. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेच्या क्षारमय थरांत त्यांना उच्च वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष सापडले, आणि चाळीसच्या दशकात त्यांनी ते थर इओसीन काळाचे ठरविले. अवशेष त्यांनी ओळखले ते बरोबर होते. आज ते मीठ कँब्रियनच्या आगेमागचे मानले जाते. म्हणजे कणांचे कूळ बरोबर सांगूनही खडकाचे वय चुकले. कारण कण त्या खडकाचेच आहेत की नाहीत हा निराळाच प्रश्न असतो. साहनींनी स्थापिलेल्या लखनौच्या संस्थेत आज खडक फोडण्यापासून आम्लाच्या बाटलीपर्यंत प्रत्येक पायरीवर जी काळजी घेतली जाते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

याच संस्थेत भारतातील खऱ्या डायनोफ्लॅजेलेट पुट्यांचा अभ्यास वाढला. के. पी. जैन, राहुल गर्ग व इतरांनी हिमालयातील स्पिती शेल, कावेरी खोरे अशा सागरी मध्यजीव खडकांतील पुट्या वर्णिल्या. १९८७ साली मेहरोत्रा व सार्जंट यांनी गोदावरी-कृष्णा खोऱ्यातील नरसापूरच्या विहिरीतून क्रिटेशस-तृतीय संधिकाळच्या पुट्या नोंदविल्या. महाराष्ट्राच्या वाचकाला हे ठिकाण परके वाटू नये. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला, त्याचे प्रवाह राजमहेंद्रीपर्यंत जाऊन समुद्राला भिडले होते. नागपूर-चंद्रपूरकडील लाव्ह्याच्या थरांमधला गाळ बहुतांशी तळ्यांचा, म्हणून तेथे सागरी पुट्यांची साक्ष दुर्मीळ. समुद्राकाठी ती मिळते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आजच्या गाळातील जिवंत पुट्या मोजते, कारण जहाजांच्या तळपाण्याबरोबर विषारी जातींच्या पुट्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाऊ शकतात.

छत्तीसगढच्या काटेरी गोळ्याची चिठ्ठी अखेर कोणी लिहिली, ते सांगून थांबतो. सिंघोरा गटातील सरायपाली शैलसमूहातून, म्हणजे भिलाईच्या पूर्वेस महासमुंद जिल्ह्याच्या बाजूच्या खडकांतून, २०१९ साली लखनौचे वीरूकांत सिंह व मुकुंद शर्मा आणि मॉस्कोचे व्लादिमीर सेर्गेयेव्ह यांनी ‘टप्पानिया’ या प्रजातीची नोंद प्रसिद्ध केली. ही प्रजाती यिन लेमिंग यांनी १९९७ मध्ये चीनमधील खडकांवरून स्थापिली होती. ऑस्ट्रेलियातही ती मिळते. हिचे काटे नळ्यांसारखे पोकळ असतात, पण ते कोठेही, कितीही उगवतात. बांध नाहीत, शेते नाहीत, ठरलेल्या जागी दार नाही. एव्हिट यांची एकही खूण जुळत नाही. भिंतीतून असे वाढते अवयव काढण्यासाठी पेशीच्या आत सांगाडा लागतो, म्हणून ती केंद्रकी जीवाची असावी असे बहुतेकांना वाटते. निकोलस बटरफिल्ड यांनी २००५ मध्ये कॅनडातील अशाच वस्तूंवरून ती बुरशी असण्याची शक्यता मांडली. ते सर्वांना पटलेले नाही. लखनौच्या लेखाच्या मथळ्यात प्रजातीच्या नावाआधी जो शब्द आहे तो १९६३ चाच आहे: काटेरी ॲक्रिटार्क.